जरा थांब, थोडं थांबा, कृपया प्रतीक्षा करा : जपानीत योग्य सुराचा शब्द कसा निवडायचा

जपानी शिकायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एका जपानी मित्राला मी जिन्यावरून हाक मारली, ‘शोऽशोऽ मात्ते!’ तो थांबला, पण पोट धरून हसायला लागला. ‘शोऽशोऽ’ म्हणजे थोडंसं आणि ‘मात्ते’ म्हणजे थांब. व्याकरण चोख होतं. पण मराठीत कुणी ‘ए, किंचित प्रतीक्षा कर ना रे!’ असं ओरडावं, तसं ते त्याच्या कानाला लागलं होतं.

मित्राला ‘च्योत्तो मात्ते’ म्हणायचं, अनोळखी माणसाला ‘च्योत्तो मात्ते कुदासाइ’ आणि फोनवरच्या ग्राहकाला ‘शोऽशोऽ ओमाचि कुदासाइ’. शब्दकोशात तिन्हींचा अर्थ एकच. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलण्याचा भाग नाही आणि लिहिण्याचाही नाही, त्यामुळे एन-टू (वरून दुसरी पातळी) पास झालेला माणूससुद्धा इथे आपटतो. मी आपटलोच की.

(उच्चारांबद्दल एवढंच सांगतो : ऽ दिसला की आधीचा स्वर लांबवा. ‘देस’ आणि ‘मास’ या सभ्य बोलण्यातल्या वाक्यशेवटांच्या टोकाला लिहिताना ‘उ’ असतो, पण बोलताना तो जवळजवळ गिळला जातो, म्हणून मी तो लिहिलेला नाही.)

पहिली पायरी : तीन प्रश्न, आणि तिन्ही वेगवेगळे

मी कोणाशी बोलतोय? मी कोणाबद्दल बोलतोय? मी बोलतोय की लिहितोय? शिकणारे लोक या तिन्हींचं मिळून ‘फॉर्मल’ नावाचं एकच गाठोडं बांधतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मराठी माणसाला पहिल्या दोन प्रश्नांतला फरक खरं तर जन्मापासून माहीत असतो. ‘सर आले का रे?’ या वाक्यात ‘आले’ हा सरांचा मान आहे आणि ‘रे’ ही मित्राशी सलगी. जपानीतही मित्राला नेमकं असंच विचारता येतं : ‘सेन्सेइ, मोऽ इराश्शात्ता?’ इथे ‘इराश्शारु’ हे सरांसाठी वापरलेलं आदराचं क्रियापद आहे, पण शेवट साधा ठेवलाय, कारण समोर मित्र आहे.

तिसरा प्रश्न या दोन्हींपेक्षा निराळा. जपानी वृत्तपत्रातली बातमी ‘दा’ किंवा ‘दे आरु’ या शेवटांनी लिहिलेली असते. तिच्यात वाचकासाठी आदराचा एकही प्रत्यय नसतो, तरी ती पक्की औपचारिक असते. तीच बातमी एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीचा निवेदक वाचतो तेव्हा ‘देस-मास’ येतात, कारण आता समोर ऐकणारा आहे. म्हणजे औपचारिकपणा वेगळा आणि नम्रपणा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं होतं.

दुसरी पायरी : वाक्याचं शेपूट आधी ठरवा

जपानीत, मराठीसारखंच, क्रियापद शेवटी येतं. वाक्य रचताना मात्र आधी शेवट ठरवायचा आणि मग मागे यायचं. ‘जातो’साठी साधं ‘इकु’, सभ्य ‘इकिमास’ की स्वतःकडे कमीपणा घेणारं ‘माइरिमास’? हे ठरलं की बाकीच्या शब्दांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. ‘इकु’ असेल तर ‘आशिता’ चालेल, ‘म्योऽनिचि’ चालणार नाही. ‘माइरिमास’ असेल तर ‘म्योऽनिचि’ शोभून दिसेल आणि ‘आशिता’ जरा ढिला वाटेल. उद्या म्हणजे उद्याच, पण सदरा आणि चप्पल एकाच समारंभाची हवीत.

वाक्याच्या पोटातली क्रियापदं साधी ठेवली तरी चालतात. ‘किनोऽ कात्ता होन देस’ (काल घेतलेलं पुस्तक आहे) यात ‘कात्ता’ साधं आहे आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक क्रियापदाला ‘मास’ चिकटवू नका. लेखात किंवा अहवालात मात्र ‘देस-मास’ आणि ‘दे आरु’ यांची भेळ करू नका. जपानी शाळकरी मुलांना निबंध लिहिताना हेच बजावतात.

जाता जाता एक गंमत. आपण पहिल्या आठवड्यात शिकतो ते ‘ओइशीइ देस’ (चविष्ट आहे) हे रूप पूर्वी अनेकांना खटकायचं. विशेषणाला थेट ‘देस’ जोडायला जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने १९५२ साली रीतसर मान्यता दिली. तेव्हा तिथले लोकही हे सगळं पोटातून शिकून येत नाहीत, हा दिलासा घ्या.

तिसरी पायरी : शब्दाचं कूळ बघा

इथे मराठी वाचकाचं पारडं जड आहे. जपानीत मूळचे देशी शब्द म्हणजे ‘वागो’, चिनीतून आलेले ‘कांगो’ आणि पाश्चात्त्य भाषांमधून आलेले ‘गाइराइगो’. आपल्याकडे तद्भव-देशी, तत्सम आणि इंग्रजीतून आलेले शब्द असतात, तसंच. ‘सुरू करणे’ आणि ‘प्रारंभ करणे’ यांत जो फरक तुम्हाला जाणवतो, तोच ‘हाजिमेरु’ आणि ‘काइशि सुरु’ यांत आहे. ‘किमेरु’ म्हणजे ठरवणं, ‘केत्तेइ सुरु’ म्हणजे निर्णय घेणं. ‘काउ’ म्हणजे विकत घेणं, ‘कोऽन्यूऽ सुरु’ म्हणजे खरेदी करणं. ‘शिराबेरु’ म्हणजे बघणं-शोधणं, ‘च्योऽसा सुरु’ म्हणजे तपास, पाहणी. मित्राला ‘काल बूट कोऽन्यूऽ केले’ असं सांगितलंत तर तो बिल मागेल.

हा नियम आंधळेपणाने लावू नका. ‘बेन्क्योऽ सुरु’ (अभ्यास करणं) कांगो असून रोजच्या तोंडातलं आहे, तर ‘मानाबु’ (शिकणं) देशी असूनही जास्त भारदस्त, लेखी वळणाचं आहे. आपल्या ‘पुस्तक’ शब्दासारखं : संस्कृत खरा, पण कुणाला जड वाटत नाही.

गाइराइगोच्या बाबतीत तर सुरापेक्षा अर्थच सरकतो. वाडग्यातला भात ‘गोहान’, पाश्चात्त्य जेवणात ताटलीत येणारा ‘राइसु’. हॉटेलची खोली रद्द केली तर सहसा ‘क्यान्सेरु’, फोनचा किंवा विम्याचा करार मोडला तर ‘काइयाकु’, दिलेला शब्द किंवा परवाना मागे घेतला तर ‘तोरिकेशि’. हे एकमेकांचे औपचारिक-अनौपचारिक अवतार नाहीत. त्यांची कामंच वेगळी आहेत.

कूळ कळलं की आदराचा उपसर्गही सुटतो. देशी शब्दाला ‘ओ’, कांगोला ‘गो’ : ‘ओ-नामाए’ (नाव), ‘गो-ज्यूऽशो’ (पत्ता). अपवाद आहेतच : ‘ओ-देन्वा’ (फोन), ‘ओ-शोकुजि’ (जेवण). असे थोडेच आहेत, सरळ पाठ करा.

काळाच्या शब्दांकडे मुद्दाम लक्ष द्या. त्यातल्या काहींची चित्रलिपी तीच राहते आणि फक्त वाचन बदलतं. ‘काल’ची तीच दोन अक्षरं घरात ‘किनोऽ’ वाचली जातात आणि सभेत ‘साकुजित्सु’. ‘उद्या’ची अक्षरं ‘आशिता’, त्याहून सभ्य ‘आसु’ आणि सगळ्यांत वर ‘म्योऽनिचि’. मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली की खरी परीक्षा होते, कारण कागद तुम्हाला काहीच सांगत नाही.

चौथी पायरी : किरकोळ शब्दच घात करतात

क्रियापदांची आदरयुक्त रूपं घोकून पाठ करणारे लोक ‘पण’, ‘म्हणून’, ‘खूप’ हे शब्द मात्र पहिल्या महिन्यात शिकले तेच वर्षानुवर्षं वापरतात. माझ्या मते माशी शिंकते ती इथेच. खालच्या ओळींत डावीकडे घरगुती शब्द आणि उजवीकडे सरकत जाल तसा भारदस्त :

पण : देमो, केदो → देस गा → शिकाशि (लेखी)
खूप : मेच्चा → सुगोकु → तोतेमो → ताइहेन, हिज्योऽ नि
थोडं : च्योत्तो → सुकोशि → शोऽशोऽ
शेवटी तेच : याप्पा → याप्पारि → याहारि
बहुतेक : ताबुन → ओसोराकु
का : नान्दे → दोऽशिते → नाझे
मघाशी : साक्कि → साकिहोदो
नंतर : आतो दे → नोचिहोदो
मागच्या वर्षी : क्योनेन → साकुनेन
कसं : दोऽ → इकागा
इकडे : कोच्चि → कोचिरा

‘म्हणून’ यादीत घातला नाही, कारण तो वेगळाच त्रास देतो. पहिल्या धड्यात ‘दाकारा’ शिकवतात. वरिष्ठाने काही विचारल्यावर तुम्ही ‘दाकारा…’ने सुरुवात केलीत, तर ते ‘अहो, म्हणून तर सांगतोय ना!’ असं ऐकू येतं. बरं, ‘देसकारा’ म्हटलं की सुटलो, असंही नाही. पुन्हा पुन्हा म्हटलं तर तेही वैतागल्यासारखं लागतं. बोलताना दोन वाक्यं ‘नोदे’ने जोडून टाका, लिहिताना ‘सोनो तामे’ वापरा. अहवालात ‘शितागात्ते’ शोभतं. वाक्याच्या सुरुवातीला ‘नानोदे’ हल्ली सर्रास ऐकू येतं, बोलण्यात खपतं, पण निबंधात मास्तर त्यावर लाल रेघ मारतात.

आखडलेली रूपंही इथेच मोडतात. ‘शितेरु’ म्हणजे आखडलेलं ‘शिते इरु’, ‘ज्या नाइ’ म्हणजे आखडलेलं ‘दे वा नाइ’, ‘वासुरेच्यात्ता’ म्हणजे आखडलेलं ‘वासुरेते शिमात्ता’. आपण ‘करून राहिलोय’, ‘म्हंजे’ असं बोलतो, पण अर्जात लिहीत नाही. तोच विवेक इथेही लागतो.

पाचवी पायरी : कोणाबद्दल? आपला की परका?

आता मराठी माणसाचा हमखास खड्डा. ऑफिसात फोन येतो, साहेबांची चौकशी होते. आपण सहज म्हणतो, ‘साहेब बाहेर गेलेत.’ ऐकणारा कोणीही असो, साहेब आपल्याला ‘गेलेत’च असतात. जपानीत असं नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपला साहेब हा ‘आपल्यातला’ (‘उचि’) ठरतो, आणि परक्यापुढे (‘सोतो’) आपल्या माणसाचा मान वाढवायचा नसतो. म्हणून साहेबाच्या नावामागचा ‘सान’ (आपल्या ‘राव’-‘जी’सारखा मानाचा शब्द) काढून टाकायचा आणि म्हणायचं, ‘तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’ : तानाका जागेवर नाही. पहिल्यांदा हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अक्षरशः अडली होती. साहेब शेजारीच बसले होते!

यात आणखी एक पीळ आहे. फोन तानाकांच्या घरून असेल तर तानाका त्यांच्या घरचे ठरतात. मग ‘सान’ परत येतो आणि ‘ओरिमास’च्या जागी ‘इराश्शाइमास’ येतं. घरच्यांबद्दलही हेच : स्वतःच्या वडिलांविषयी बाहेर बोलताना ‘चिचि’, दुसऱ्याच्या वडिलांना ‘ओतोऽसान’. आपल्या वडिलांना चारचौघांत ‘ओतोऽसान’ म्हणणारा मोठा माणूस तिथे जरा बाळबोध वाटतो.

जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ साली ‘केइगो नो शिशिन’ नावाची आदरवाचक भाषेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. पूर्वी तीन प्रकार शिकवत, त्यांत पाच केले. त्यातली सगळ्यांत उपयोगी फोड अशी : स्वतःकडे कमीपणा घेणारी क्रियापदं दोन जातींची आहेत. ‘उकागाउ’ (जाणं, भेटीला येणं) ज्याच्याकडे जातो त्याला मान देतं. ‘माइरु’ (जाणं) समोरच्या श्रोत्यापुढे नम्र होतं. म्हणून सरांकडे ‘उकागाइमास’ बरोबर आहे. पण धाकट्या भावाकडे जायचं असेल तर ‘उकागाइमास’ म्हणणं हास्यास्पद, कारण मान भावाला जातो. तिथे ‘माइरिमास’. हा फरक कळला की बाकीची रूपं आपोआप जागेवर बसतात.

सहावी पायरी : मागणं, विचारणं आणि होकार

मराठीत ‘पाठवा’ म्हटलं की अनेकवचनानेच आदर साधतो. ‘कृपया’ लावला तर सोन्याहून पिवळं. त्या हिशोबाने ‘ओकुत्ते कुदासाइ’ पुरेसं वाटतं. पुरत नाही. ‘कुदासाइ’ कितीही सभ्य असलं तरी ती आज्ञाच आहे. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला प्रश्न विचारा : ‘ओओकुरि इतादाकेमास का’ (पाठवण्याची कृपा मिळेल का). मेलमध्ये ‘ओओकुरि इतादाकेरु तो साइवाइ देस’ (पाठवलंत तर आनंद होईल) हे मला सगळ्यांत मऊ वाटतं. उलट ‘दोऽझो’ म्हणत चहा पुढे करताना ‘कुदासाइ’ बिनधास्त वापरा : समोरच्याच्या फायद्याची आज्ञा कुणाला टोचत नाही.

‘कॉफी हवी का?’चं भाषांतर ‘नोमिताइ देस का’ करू नका. वरिष्ठाच्या मनातली इच्छा थेट विचारणं तिथे आगाऊपणा ठरतं. ‘कोऽहीऽ, इकागा देस का’ म्हणा. आणि ‘तुम्ही’साठी ‘आनाता’ तर नकोच. पाठ्यपुस्तकात असला तरी प्रत्यक्षात नाव घेऊन ‘सान’ लावतात किंवा सर्वनाम गाळतात. बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते, अगदी आपल्या ‘अहो’सारखं. तुमच्या ग्राहकाला ‘अहो’ म्हणायचंय का?

‘कळलं’साठी चार शब्द आहेत. ‘र्योऽकाइ’ सहकाऱ्यांत चालतो. वरिष्ठांना तो वापरू नये, असं शिष्टाचाराची पुस्तकं सांगतात. सगळ्यांनाच ते पटत नाही, पण नव्या माणसाने वाद घालत बसू नये. ‘वाकारिमाशिता’ नेहमीचा, सुरक्षित. ‘शोऽचि शिमाशिता’ कामकाजातला. ‘काशिकोमारिमाशिता’ हॉटेलातला, दुकानातला, ग्राहकाची आज्ञा शिरसावंद्य मानणारा. तसंच काम संपवून निघताना वरिष्ठाला ‘गोकुरोऽसामा’ म्हणू नका, ती वरून खाली दिलेली शाबासकी आहे. ‘ओत्सुकारेसामा देस’ म्हणा.

सातवी पायरी : एकच निरोप तीनदा लिहा

कागदपत्र काल पाठवायचं राहिलं. मित्राला चॅटवर :

‘गोमेन, किनोऽ ओकुरु नो वासुरेच्यात्ता. आतो दे ओकुरु ने.’

ऑफिसातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला :

‘सुमिमासेन, किनोऽ ओकुरु नो ओ वासुरेते शिमाइमाशिता. कोनो आतो सुगु ओकुरिमास.’

ग्राहकाला मेलवर :

‘शिर्योऽ नो सोऽफु ओ शित्सुनेन शिते ओरिमाशिता. ताइहेन मोऽशिवाके गोझाइमासेन. होन्जित्सु ज्यूऽगोजि मादे नि ओओकुरि इताशिमास.’

काय काय हललं ते बघा. ‘गोमेन’, ‘सुमिमासेन’, ‘मोऽशिवाके गोझाइमासेन’ ही माफीची शिडी तर दिसतेच. ‘ओकुरु’चं नाम करताना ‘सोऽफु’ हा कांगो आला. ‘वासुरेरु’ जाऊन ‘शित्सुनेन’ आला. हा शब्द फक्त स्वतःच्या विसरण्यासाठी राखून ठेवा, ग्राहक विसरला तर त्याला तो लावत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘आतो दे’ (नंतर) निव्वळ ‘नोचिहोदो’ झाला नाही, त्याच्या जागी दुपारी तीनची वेळ आली. ग्राहकाला नुसतं नंतर म्हणून भागत नाही, मग तो ‘नंतर’ कितीही भारदस्त असो.

मेलची सुरुवात ‘ओसेवा नि नात्ते ओरिमास’ने करा, शेवट ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमास’ने. त्यांचा शब्दशः अर्थ शोधत बसू नका. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ कोण उलगडून वाचत होतं? समोरच्या कंपनीला लिहिताना ‘किशा’ म्हणतात आणि बोलताना ‘ओन्शा’. ‘किशा’ नुसता कानावर पडला तर पत्रकार, आगगाडी, कचेरीत परतणं असं काहीही वाटू शकतं, कारण या सगळ्यांचा उच्चार तोच आहे.

शंका आली तर कुठे बघायचं

शब्दकोश सूर नेहमी सांगत नाही. त्यासाठी जपानच्या राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेने सुमारे १० कोटी शब्दांचा लेखी जपानीचा संग्रह केलाय. त्यात शोधायला ‘शोऽनागोन’ नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. ‘मेच्चा’ आणि ‘हिज्योऽ नि’ आळीपाळीने शोधून बघा. प्रत्येक उदाहरण ब्लॉगमधलं, सरकारी श्वेतपत्रिकेतलं, पुस्तकातलं की संसदेच्या कामकाजातलं, ते शेजारीच लिहिलेलं असतं. एखादा शब्द श्वेतपत्रिकेत कधीच सापडत नसेल, तर तुमच्या अहवालातही तो नको. शिक्षकाला पंधरा मिनिटं पिडण्यापेक्षा हे बरं.

खाली उतरायचं कसं

वर चढायला सगळे शिकवतात, खाली उतरायला कुणी शिकवत नाही. गरजेपेक्षा जास्त नम्रता टोचते. जपानीत त्यासाठी ‘इन्गिन-बुरेइ’ असा चार अक्षरांचा शब्दच आहे : इतका नम्रपणा, की उद्धट वाटावा. वर्षभर रोज सोबत जेवणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही ‘काशिकोमारिमाशिता’ म्हणत राहिलात, तर तो दाराबाहेर उभा केल्यासारखा खट्टू होईल.

बरोबरीच्या साध्या बोलीला ‘तामेगुचि’ म्हणतात. ती कधी सुरू करायची, हे वयाने किंवा नोकरीत मोठा असणारा ठरवतो, आपण नाही. तो ‘मोऽ तामेगुचि दे ईइ यो’ (आता साधं बोललास तरी चालेल) म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी एकदम ‘ओरे’वर (‘मी’चं रांगडं रूप) उडी मारू नका. आधी फक्त प्रतिक्रिया साध्या करा : ‘होन्तोऽ देस का’ (खरंच का) ऐवजी ‘होन्तोऽ?’, ‘ओइशीइ देस ने’ऐवजी ‘ओइशीइ!’. मग स्वतःबद्दलच्या गोष्टी साध्या शेवटाने सांगा. प्रश्न आणि विनंत्या मात्र बराच काळ ‘देस-मास’मध्येच राहू द्या. माझा एक ज्येष्ठ सहकारी आता माझ्याशी पूर्ण तामेगुचित बोलतो. मी त्याच्याकडे काही मागायचं असलं की अजूनही ‘मास’ लावतो, आणि तो मान डोलावून म्हणतो, ‘ईइ यो.’